आपल्या सुराला दुसऱ्याचा कान

वाचकाचे पत्र :

«मी नागपूरच्या महाल भागात राहतो. आमच्याकडे दोन पिढ्यांपासून पेटी दुरुस्तीचे काम आहे. मामांच्या हाताखाली मी सूर घासायला शिकलो. चार वर्षांपूर्वी एका मिशन शाळेत पेटी दुरुस्त करायला गेलो असता तिथल्या बंद पियानोकडे बोट दाखवून ‘हे पण बघता का?’ असे विचारले गेले आणि तेव्हापासून मी पियानो ट्यूनिंगकडे वळलो. जे शिकलो ते मोबाइलवरच्या ॲपवर आणि व्हिडिओ पाहून. ॲपमध्ये प्रत्येक स्वर हिरवा दिसतो, तरी काम संपल्यावर पियानो लागल्यासारखा वाटत नाही आणि दोन आठवड्यांत पुन्हा उतरतो. गंधार मला नेहमी चढा वाटतो, म्हणून शेवटी तो कानाने थोडा उतरवतो. गेल्या नाताळाच्या आधी एका चर्चमधल्या वादक बाईंनी ‘काही गीते गोड वाजतात, काही ऐकवत नाहीत’ अशी तक्रार केली आणि माझ्यानंतर शहरातल्या दुसऱ्या, वयाने बऱ्याच मोठ्या ट्यूनरना बोलावून पियानो पुन्हा लावून घेतला. त्यांना सगळे अंकल म्हणतात. त्यांच्याकडे जाऊन शिकावे असे वाटते; पण त्यांच्या पोटावर पाय दिल्यासारखे होईल का आणि मला काही येत नाही हे गावभर होईल का, ही भीती वाटते. मुंबईच्या एका जाणत्या तंत्रज्ञांनी ‘दोन महिने माझ्या वर्कशॉपमध्ये येऊन राहा’ असे म्हटले आहे. घरचे म्हणतात, हातचे काम जाईल. मी काय करावे?»

सप्रेम नमस्कार.

उत्तर आधीच देऊन टाकतो : अंकलकडे जा आणि ईस्टरच्या आधी जा. त्यामागची कारणे सांगायला मात्र वेळ लागेल. तुमच्या पत्रातली जी वाक्ये तुम्ही ओझरती लिहून पुढे गेलात, त्यांतच दुखणे आहे आणि ते तुम्हाला एकट्याला सापडण्यासारखे नाही. तीसेक वर्षे याच शहरात हे काम करताना मलाही माझे दुखणे एकट्याला सापडले नव्हते.

गंधारापासून सुरुवात करू. तुम्ही पेटीच्या आणि तानपुऱ्याच्या सुरात वाढलात. तानपुऱ्याची खर्जाची तार नीट लागली आणि जवारी खुली असली, म्हणजे तिच्यातून आपोआप जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो. सेंट म्हणजे पियानोवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. पियानोचा गंधार ४०० सेंटवर लावावा लागतो, म्हणजे तुमच्या ओळखीच्या गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा. तुम्हाला तो चढा वाटतो, कारण तो चढाच आहे. कानाबद्दल मनात शंका आणू नका. चूक होते ती त्यानंतर, पिना फिरवायची लिव्हर हातात घेऊन तो उतरवण्यात.

गायकाच्या पेटीवर हे चालून जाते, कारण गायकाने काळी एक किंवा पांढरी चार धरली की संपूर्ण मैफल त्याच षड्जावर उभी राहते. चर्चमध्ये रविवारच्या एका उपासनेत चार गीते चार निरनिराळ्या षड्जांवरून वाजतात. समजा तुम्ही सी या स्वराचा गंधार, म्हणजे ई, १० सेंटनी उतरवलात. सी-ई गोड झाले. पण तोच ई हा ए या स्वराचा पंचम आहे. शुद्ध पंचम ७०२ सेंटचा, पियानोवरचा ७०० सेंटचा असतो आणि तुमचा झाला ६९०. ए च्या स्केलमधले गीत सुरू होताच षड्ज-पंचमच थरथरू लागला. ई हाच षड्ज धरून कुणी वाजवले, तर त्याचा गंधार जी शार्प आता ४१० सेंटवर जाऊन बसलेला सापडेल, म्हणजे शुद्ध गंधारापासून २४ सेंट दूर. बाईंनी अगदी अचूक तक्रार केली होती. ‘काही गोड, काही ऐकवत नाहीत’ या त्यांच्या पाच शब्दांत तुमच्या कामाचे संपूर्ण निदान होते आणि तुम्ही त्याचा फक्त राग मानलात, असे पत्राच्या सुरावरून वाटते.

यामागचा हिशोब जुनाच आहे. शुद्ध पंचमांच्या बारा पायऱ्या चढून गेलो, तर सात सप्तके वर पोचायला हवे. प्रत्यक्षात आपण सुमारे साडेतेवीस सेंट पुढे निघून जातो. हा जास्तीचा भार बाराही पंचमांना प्रत्येकी दोन-दोन सेंट असा वाटून द्यायचा, एकत्र कुटुंबात खर्च वाटून घेतात तसा, म्हणजे कुणा एकाच्या डोक्यावर तो बसत नाही. तुम्ही एकाला सवलत दिलीत आणि ती शेजाऱ्यांकडून वसूल झाली.

मग पियानोपुढे बसून कानाने काय ऐकायचे? आपण लाट किंवा बीट म्हणतो, तिचा वेग. मधल्या भागातला एफ आणि त्यावरचा २२० हर्ट्झचा ए एकत्र वाजवले, की दोघांचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणारे वरचे बारीक स्वर, ८८० हर्ट्झच्या आसपास एकमेकांजवळ येतात आणि तिथे एक थरथर ऐकू येते. नीट लावलेल्या पियानोवर ती सेकंदाला जवळजवळ ७ वेळा येते. त्याच ए बरोबर वरचा सी शार्प वाजवला, तर पावणेनऊच्या जवळ, आणि सी शार्पबरोबर वरचा एफ वाजवला, तर ११. वेग असा पायरीपायरीने वाढत गेला पाहिजे; मध्येच एखादी पायरी खचली, तर त्या दोन स्वरांपैकी एक बसलेला नाही असे समजावे. सेकंदाला सात म्हणजे नेमके किती, हे मला कुठल्याही पियानोवाल्याने शिकवले नाही. धरमपेठेत आमच्या शेजारी तबला शिकणारा एक मुलगा होता, त्याने शिकवले : घड्याळाच्या सेकंदाला एक मात्रा धरायची आणि त्या एका मात्रेत ‘तकिट तकधिन’ बसवायचे. आठ दिवस स्कूटरवर येता-जाता मी ते पुटपुटत होतो. या धंद्यातले सहकारी म्हणजे केवळ लिव्हर हातात धरणारे लोक, असे मी मानत नाही ते यामुळे. तुमचे मामासुद्धा त्यात येतात. दोन सुरांमधली लाट मंद होत होत थांबते तो क्षण त्यांच्याइतका कुणालाच ओळखता येत नसेल.

आता दुसरे वाक्य : ॲपमध्ये हिरवा दिसतो, पण दोन आठवड्यांत उतरतो. हा दोष कानाचा नाही, हाताचा आहे. तार जिच्याभोवती गुंडाळलेली असते, त्या पिनकडे नीट पाहा. सुमारे सात मिलिमीटर जाडीची ती पोलादी पिन लाकडाचे थर एकमेकांवर चिकटवून केलेल्या फळीत घट्ट ठोकलेली असते. लिव्हर फिरवली, की पिनचे डोके आधी फिरते आणि फळीत रुतलेले तिचे दुसरे टोक मागून येते. मधल्या भागाला पीळ बसतो. लिव्हर धरताना हाताचा भार थोडा जरी आपल्याकडे आला, तर पिन वाकतेसुद्धा. त्या क्षणी तार अगदी स्वरावर असते, ॲप हिरवे होते, तुम्ही समाधानाने लिव्हर काढून पुढच्या पिनवर ठेवता, आणि मागे तो पीळ सावकाश सुटत राहतो. तारेचेही तेच. पिन आणि वरचा टेकू यांच्यामधला वीतभराहून आखूड तुकडा जास्त ताणलेला असतो, वाजणारा लांब भाग त्या मानाने कमी. वादकाने चार दिवस जोरात वाजवले, की दोन्हीकडचा ताण सारखा होतो आणि स्वर सरकतो.

म्हणून जाणता माणूस तार स्वराच्या अंमळ वर नेतो, पट्टी दोन-तीनदा दणकून वाजवतो आणि मग लिव्हर जवळजवळ न फिरवता, नुसत्या मनगटाच्या दाबाने तिला खाली बसवतो. पाहणाऱ्याला वाटते, हा आता काहीच करत नाही, आणि नेमके त्याच वेळी खरे काम होत असते. एका पियानोत अशा सुमारे २३० तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो. प्रत्येक पिन अशी बसवली नसेल, तर तो ताण आपला मार्ग शोधणारच. हे व्हिडिओत दिसत नाही, कारण त्यात डोळ्यांना दिसण्यासारखे काही नाही. ते कळते दुसऱ्याच्या लिव्हरवर आपला हात ठेवून, किंवा आपल्या हातावर त्याचा हात घेऊन. मला स्वतःला ते असे कळले, की एका वडीलधाऱ्या तंत्रज्ञाने माझ्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि म्हणाले, ‘अजून वाकवतोयस. फिरव.’ मी पाच वर्षे पिना वाकवत होतो आणि त्यालाच ट्यूनिंग समजत होतो.

ॲप टाकून द्या असे मी मुळीच म्हणणार नाही. पोलादी तार ताठ असल्यामुळे तिचे उपस्वर गणितापेक्षा किंचित चढे येतात आणि म्हणून पियानोची वरची सप्तके थोडी चढी, खालची थोडी उतरती ठेवावी लागतात; तो फरक किती ठेवायचा याचा हिशोब आजची ॲप चांगला करतात. माझ्याही पिशवीत एक आहे. पण एकाच स्वराच्या तीन तारा एकमेकींशी मिळाल्या का, हे शेवटी कानच सांगतो, आणि दोन तास काम करून थकलेला आपला कान आपल्याच कामाला फार उदार असतो. अमेरिकेतली ‘पियानो टेक्निशियन्स गिल्ड’ ही संस्था १९५७ साली स्थापन झाली; तिच्या ट्यूनिंग परीक्षेत उमेदवाराचे काम ज्या नमुन्याशी ताडून पाहतात, तो नमुनाही कुणा एका उस्तादाने लावलेला चालत नाही. अनुभवी ट्यूनरांची समिती एकत्र बसून, एकमेकांचे ऐकून तो पियानो लावते, त्याची नोंद ठेवली जाते, मग पियानो मुद्दाम बिघडवतात आणि उमेदवाराला लावायला देतात. ज्यांना आपण परीक्षक म्हणतो, त्यांनाही एकट्याच्या कानावर विसंबणे मान्य नाही. तुम्ही-आम्ही चार वर्षे एका फोनपुढे बसून तो भरवसा ठेवतो, यावर काय बोलावे?

माझी एक फजिती सांगतो. कामठीकडच्या एका जुन्या बंगल्यात मला बोलावले होते. पियानो अर्ध्या स्वराहून अधिक उतरलेला. यजमानांना तो त्याच दिवशी ४४० हर्ट्झवर, म्हणजे मधल्या ए च्या प्रमाण उंचीवर, हवा होता आणि ‘आज होणार नाही’ असे म्हणण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. खर्जातली तांब्याने मढवलेली एक तार मी सरळ चढवत नेली आणि ती पिनजवळ तुटली. तुटके टोक मनगटाला लागले. त्याहून जास्त लागला तो आवाज ऐकून आतून बाहेर आलेल्या आजीबाईंचा चेहरा. मी म्हणालो, तार जुनी होती. हे खरे होते आणि पळवाटही होती. मढवलेली तार त्या काळी नागपुरात मिळत नव्हती. जुनी तार नमुन्यादाखल बाहेर पाठवायची आणि नवी करून येईपर्यंत वाट पाहायची. त्या रात्री मी कोलकात्याच्या एका तंत्रज्ञाला फोन केला, ज्याच्याशी माझी ओळख जेमतेम दोन दिवसांची होती. धीर देण्याच्या भानगडीत तो पडला नाही. त्याने एकच विचारले, ‘चढवण्याच्या आधी किंचित उतरवली होतीस का?’

मी उतरवली नव्हती. गंज धरलेली तार टेकूला चिकटून बसलेली असते. आधी केसभर सैल केली, की ‘टक्’ असा बारीक आवाज होऊन ती सुटते आणि मग चढवायची असते. इतका उतरलेला पियानो पहिल्याच फेरीत नेमका लावायचा नसतो, हेही त्यानेच सांगितले. पुढच्या तारा चढत जातात तसा साउंडबोर्डावरचा, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणाऱ्या लाकडी पडद्यावरचा, भार वाढतो आणि मागे लावलेल्या तारा खाली येतात, म्हणून पहिली फेरी भराभर, थोडी वर ओढून करायची आणि नेमकेपणा पुढच्या फेरीसाठी राखायचा. मग म्हणाला, तार टाकून दिली नाहीस ना? तांब्याचा भाग शाबूत असेल, तर तुटलेल्या टोकाला साध्या पोलादी तारेचा तुकडा गाठ मारून जोडता येतो. ती गाठ त्याने मला फोनवरून शिकवली. मी घरातल्या सुतळीचे दोन तुकडे घेऊन जमिनीवर बसलो होतो, तो तिकडून ‘आता डावा फास उजव्याच्या आतून’ असे सांगत होता, आणि आमच्या घरातली मंडळी दारात उभी राहून हा काय प्रकार आहे ते बघत होती. ती तार त्या गाठीवर पुढे कित्येक वर्षे वाजली.

तीनेक वर्षांनी त्याचाच फोन आला. त्याच्याकडून गेलेला एक पियानो रायपूरला पोचला होता आणि मे महिन्यात त्याच्या पिना इतक्या सैल झाल्या होत्या, की स्वर टिकेना. कोलकात्याच्या दमट हवेत त्याला हे कधी फारसे दिसले नव्हते. मला दर उन्हाळ्यात दिसते. फळी कोरडी पडून आकसते आणि पिनवरची तिची पकड ढिली होते. पिन बदलून एक नंबर जाड पिन केव्हा घालायची आणि पिनच्या मुळाशी पातळ सुपरग्लूचे थेंब सोडून केव्हा भागते, यावर आम्ही तासभर बोललो. (तुम्ही मात्र हा ग्लूचा प्रयोग कुणी समोर करून दाखवल्याशिवाय करू नका, जादा सोडला, तर तो पिनवरून ओघळून नको तिथे जातो.) सुतळीच्या गाठीचे ऋण तेव्हा थोडे फिटले.

आता अंकलबद्दल. मला काही येत नाही हे त्यांना कळेल, अशी तुम्हाला भीती आहे. अहो, तुमच्यानंतर तो पियानो त्यांनीच लावला ना? उतरलेला ई त्यांनी ऐकला आहे, न बसलेल्या पिना त्यांच्या हाताला लागल्या आहेत. तुम्ही काय करता आणि कुठे चुकता, हे या शहरात त्यांच्याइतके कुणालाच माहीत नाही. ते त्यांनी गावभर केले असते, तर आतापर्यंत तुमच्या कानावर आलेच असते. आपले नागपूर त्या बाबतीत फार मोठे गाव नाही. लपवण्यासारखे काही उरलेले नाही, तेव्हा संकोचही आता कामाचा नाही.

पोटावर पाय देण्याचा प्रश्न खरा आहे, पण तो शिकण्याने उद्भवत नाही. शिकल्यावर आपण कसे वागतो यावर तो अवलंबून असतो. त्यांच्यापेक्षा कमी पैसे सांगून काम मिळवायचे नाही. त्यांच्या ग्राहकाने तुम्हाला बोलावले, तर जाण्याआधी त्यांना एक फोन करायचा. आणि आधीच्या माणसाच्या कामाला ग्राहकापुढे नावे ठेवायची नाहीत, मग ते काम कितीही वाईट दिसो. पावसाळ्यात फुगलेल्या साउंडबोर्डाने बिघडवलेले आणि माणसाने बिघडवलेले यांतला फरक तुम्हाला अजून ओळखता येत नाही, आणि येऊ लागला, की बोलावेसे वाटत नाही.

जाताना ‘मला शिकवा’ असे म्हणू नका. त्या वाक्याला कुणाहीजवळ उत्तर नसते. माणूस घाबरतो, की हा आता रोज येऊन बसणार. एक वस्तू आणि एक प्रश्न घेऊन जा : तुटलेली तार, तारेवर आपटताना अडकणारा हॅमर, कुरतडलेली बनात, किंवा तुम्ही लावलेल्या तीन तारांची ध्वनिफीत. प्रश्न असा विचारा, की पाच मिनिटांत उत्तर देता येईल. पहिल्या भेटीत तेवढे पुरे. पुढच्या वेळी त्यांच्याबरोबर कामाला जाण्याची परवानगी मागा आणि तिथे वजन उचलण्याची, पियानोचे खालचे पॅनेल काढून उंदरांची घरटी साफ करण्याची, शेजारच्या तारा गप्प करायला फेल्टची पट्टी तारांमध्ये खोचण्याची कामे करा. त्यांचे ट्यूनिंग चालू असताना तोंड उघडू नका. ते लाटा मोजत असतात. ग्राहकाच्या घरी तर शंका विचारूच नका. वहीत लिहा आणि बाहेर चहाच्या टपरीवर विचारा. मला आठवते, माझे एक ज्येष्ठ सहकारी सदरच्या टपरीवर बसल्यावरच बोलके होत, आणि पहिले वाक्य बहुधा ‘काय जी, आज काय काय चुकलं?’ असे असे. आधी मला वाटे माझ्याबद्दल विचारताहेत. ते स्वतःबद्दल विचारत.

तुम्हीही रिकाम्या हाताने जाणार नाही, हे लक्षात ठेवा. पेटीच्या सुराची पत्ती टोकाशी घासली की स्वर चढतो आणि मुळाशी घासली की उतरतो, हे तुमच्या बोटांना झोपेतही कळते. चर्चच्या कोपऱ्यात पडलेली जुनी पायपेटी अंकलना कधीतरी दुरुस्त करून हवी असेल. तिथे ते शिष्य आणि तुम्ही उस्ताद. ज्या पॅरिसच्या अंधशाळेत लुई ब्रेल शिकला, तिथलाच क्लोद मोंताल (१८००–१८६५) हा पियानो ट्यूनिंगच्या इतिहासातले मोठे नाव आहे. त्याने आणि त्याच्या एका अंध सोबत्याने शाळेचा पियानो सगळा खोलून, हातांनी चाचपत पुन्हा जोडला होता. दोघांपैकी कुणीही आधीपासून जाणकार नव्हता. चार हात होते, एवढेच.

मुंबईचे आमंत्रण अवश्य स्वीकारा, पण दिवस नीट निवडा. घरचे म्हणतात तसे काम जाईल, जर तुम्ही ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये गेलात तर. जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत जा. नागपुरात या दिवसांत ट्यूनिंग टिकत नाही. कोरडा साउंडबोर्ड ओल शोषून फुगतो, मधल्या भागातले स्वर चढतात, आणि आज लावलेला पियानो महिन्याने परत बोलावतो. विदर्भातल्या शाळाही जूनच्या अखेरीस उघडतात. त्यांना स्पष्ट सांगा, की दसऱ्यानंतर लावून देईन आणि तोच पुढे टिकेल. मुंबईच्या वर्कशॉपमध्ये मात्र पावसाळ्यात कामाचा ढीग असतो : फुगून अडकलेल्या पट्ट्या, जड झालेले हॅमर, गंजलेल्या तारा, आणि कुणीतरी प्रेमाने खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल सोडून कायमची चिकट केलेली ॲक्शन, म्हणजे पट्टीपासून हॅमरपर्यंतची यंत्रणा. दोन महिन्यांत जेवढी आजारी वाद्ये तिथे पाहाल, तेवढी इथे पाच वर्षांत दिसणार नाहीत. पहिले पंधरा दिवस ट्यूनिंगचा हट्ट धरू नका. ॲक्शन बाहेर काढणे, पट्टी दाबल्यावर सुमारे १० मिलिमीटर खाली जाईल अशी बसवणे, तार बदलणे, हे आधी हातात येऊ द्या. ट्यूनिंगची तक्रार म्हणून आलेले निम्मे फोन प्रत्यक्षात याच कामांचे असतात, असा माझा अनुभव आहे.

तिथून आणलेला सल्ला मात्र इथे चाळणीतून गाळून वापरा. समुद्राकाठचे लोक ओलीशी लढतात. पियानोच्या तळाशी छोटा दिवा किंवा गरम होणारी दांडी ठेवून आतली हवा कोरडी ठेवतात. तेच तुम्ही इथे नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, केलेत, तर आधीच तडकायला आलेल्या लाकडाला चुलीजवळ नेऊन ठेवल्यासारखे होईल. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास घसरते. पियानोला ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यानची स्थिर हवा मानवते. त्यात आपला कुलर. वाळ्याच्या ओल्या पडद्यातून येणारा झोत संध्याकाळी खोली दमट करतो, रात्री बंद झाला की पुन्हा कोरडी. पियानो त्या झोताच्या रेषेत असेल, तर त्याच्यासाठी रोज एक पावसाळा आणि रोज एक उन्हाळा. मुंबईच्या किंवा कोलकात्याच्या तंत्रज्ञाला हे सुचणार नाही. अंकलना न विचारता कळते. मी कुठल्याही घरात शिरलो की पियानो उघडण्याआधी कुलरची खिडकी कुठे आहे ते पाहतो.

एक साधे आर्द्रतामापक घ्या आणि वही ठेवा : तारीख, आर्द्रता, आल्यावर मधला ए किती होता, जाताना किती केला, कुठल्या पिना सैल लागल्या. दोन वर्षांची अशी वही तुमच्याकडे झाली, की मुंबईचे गुरुजीसुद्धा ती चाळायला मागतील. पैशांविषयी तुम्ही विचारले नाही, म्हणून मीही लिहीत नाही. अंकल घेतात तेवढे घ्या.

राहिला तो चर्चचा पियानो. ईस्टरच्या आधी तो पुन्हा लागेल आणि अंकलच लावतील. त्यांना या आठवड्यात फोन करा, तो ई तुम्ही किती उतरवला होता ते स्वतःहून सांगा, आणि त्या दिवशी फेल्टची पट्टी घालायला येऊ का, एवढेच विचारा.